मोटारीतली माझी जागा

बाळांनो, जरा जवळ सरका आणि मनातल्या मनात एक बाक उभा करा. साधा लाकडी बाक, पाठीला टेकू नाही. तसलाच दुसरा बाक त्याच्यासमोर ठेवा. वर ताडपत्री ताणा, खाली चाकं लावा, पुढं एक भोंगा बसवा. झाली आमच्या वेळची सर्व्हिस मोटार. आता त्या बाकांवर माणसं बसवा. बाजाराला निघालेले शेतकरी, एखादी लेकुरवाळी, तिच्या पायाशी कोंबड्यांची पाटी, पाटीवर कुणाचं तरी गाठोडं. बसवलीत सगळी? आता उरलेल्या जागेत मला बसवा.

बसत नाही ना? घाई करू नका, पुन्हा बसवून पाहा. तरी बसत नाही. तीच तर आजची गोष्ट आहे.

तेव्हा राज्य निजामाचं होतं आणि मी कळमनुरीच्या शाळेत मास्तर होतो. तातेराव मास्तर म्हटलं की गावात कुणीही घर दाखवी. अंगानं मी भरदार होतो. लठ्ठ हा शब्द मी वर्गात शिकवत असे, पण घरी आणत नसे. उन्हाळ्यात पोरं माझ्या सावलीला बसून पाढे म्हणत, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नसे. शाळेतली खुर्ची माझी होती, घरातली बाज माझी होती. माणूस कुठं मावत नाही हे त्याला स्वतःच्या घरात कधी कळत नाही. त्यासाठी मोटारीत चढावं लागतं.

मी एकदाच चढलो होतो, दिवाळीच्या आसपास. मोटार चालवी उत्तमसिंग. तो मनानं चांगला, पण आवाज भोंग्यासारखा. मी बसलो तसा बाकाच्या दुसऱ्या टोकाचा एक माणूस हळूच खाली उतरला. त्याला उतरायचं नव्हतं, पण बाक संपला. उत्तमसिंगानं मागं वळून पाहिलं आणि सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तरसाब, तुमी एकटे न्हाई, तुमी दोन सवाऱ्या हायेत!" सगळी मोटार हसली. मी उतरलो. मला कुणी उतरवलं नाही हं, मी आपणहून उतरलो. हा फरक मी पुढं कित्येकांना समजावून सांगितला. लोक मान डोलवत आणि पुन्हा हसत.

त्यानंतर मी बैलगाडीनंच जात होतो. पण माघ महिन्यात हिंगोलीहून निरोप आला. हिंगोलीला माझी थोरली बहीण दिलेली होती, द्वारकाअक्का. आई लवकर गेली, अक्कानंच मला वाढवलं. माझ्या आजच्या आकाराचं बरंचसं श्रेय तिच्या भाकरीला आहे. निरोप असा, की अक्का काशीला निघाली आहे, येत्या मंगळवारी दुपारच्या आगगाडीनं, आणि लेकीला घेऊन भेटून जा. काशीला निघालेल्या माणसाच्या पाया पडून घ्यायचे ते दिवस होते, बाळांनो. ते माणूस माघारी येईलच असं कुणी धरून चालत नसे. मी अक्काच्या पाया पडलो नाही तर जन्मभर ते मनात राहील हे मला निरोप ऐकतानाच कळलं.

अडचण एवढीच, की सोमवारी शाळेची तपासणी होती. संध्याकाळपर्यंत गाव सोडता येईना, आणि लेकरू घेऊन रात्रीची बैलगाडी नको होती. मंगळवारी उजाडता बैलगाडी जुंपली तर ती हिंगोलीला पोचेपर्यंत अक्का पूर्णेच्या वाटेला लागलेली असणार. उरली सकाळची मोटार, उत्तमसिंगाची.

हातात आठवडा होता. मी ठरवलं, या वेळी तयारीनं जायचं. कुणाची जागा घ्यायची नाही, कुणाला हसू द्यायचं नाही, आणि आपण मात्र पोचायचं. काम एवढंसं. पण कळमनुरीत एवढंसं काम एकट्यानं करायची सोय नव्हती.

पहिला सल्ला घरातून आला. नर्मदाबाई, म्हणजे माझं कुटुंब, म्हणाली, "अवो, मंगळवारपस्तोर एकच वेळ जेवा. तेवढंच अंग उतरंल."

मी कबूल झालो. दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत आमची भिकी शाळेत पिठलं-भाकरी घेऊन हजर. भिकी म्हणजे आमची लेक, आठ वर्षांची, नवसाची म्हणून नाव भिकाबाई. मी विचारलं, "अगं, हे काय?"

"माय म्हणली, तपासनीस येऊन राहिले. सुकलेल्या तोंडाचा मास्तर बरा दिसत न्हाई."

तो उपाय तिथंच संपला.

शेजारच्या मोतीबाई काडीसारख्या बारीक, पण मत भारी. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, मोटारीत अंग चोरून बसावं लागतंय. मी बसते की, कोणाला कळत बी न्हाई मी हाये म्हणून."

आता अंग चोरायचं म्हणजे काय, ते नीट ध्यानात घ्या. चोरलेली वस्तू लपवायला कुठंतरी जागा लागते. मोतीबाईंना ती होती. मला नव्हती. मी तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मंग टपावर बसा. वारं बी लागंल." टपावर गाठोडी आणि शेळ्या असत. शेळ्यांत माझे दोन जुने विद्यार्थीही कधीमधी असत, ते सोडा.

तिसरा सल्ला ग्यानबाचा. ग्यानबाची हयात बैलगाडी हाकण्यात गेलेली. त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं, डोकीचं मुंडासं सरळ केलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमचा दोष न्हाई. भरणाऱ्याचा दोष हाये. गाडी भरायची अक्कल पाहिजे. मागं जड झाली की गाडी उलाळते. जू वर उचललं जातं, बैलाच्या मानेला फास लागतो. जड माल पुढं घालावा, जुवापाशी. तुमाला मागं बसवलंच काहून त्यानं?"

दोष माझा नाही हे इतक्या ठामपणानं सांगणारा ग्यानबा पहिलाच. मला त्याचं बोलणं फार पटलं. माणसाला बरं वाटणारी गोष्ट लवकर पटते, हे मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

पण मी नुसत्या ग्यानबावर विसंबलो नाही. मला स्वतःची एक युक्ती सुचली. दोन बाकांच्या मधे जी मोकळी जागा असते तिथं आपला स्वतःचा चौरंग ठेवून बसायचं. बाकावर आपला भारच नाही, मग तक्रार कुणाची? मी नामाजी सुताराला बोलावलं.

नामाजी माप घ्यायला आला तो नेमका शाळेच्या वेळात आला. माझ्याभोवती सुतळी फिरवायला त्याला एका टोकाला माणूस हवं होतं, म्हणून त्यानं वर्गातल्या पोरांना हाक मारली. झालं. सगळा वर्ग उठून आला. सुतळीला गाठ मारून झाल्यावर पोरांनी ती हट्टानं ठेवून घेतली, आणि त्या आठवड्यात गावातली प्रत्येक वस्तू मोजली. विहिरीचा काठ किती मास्तर, चावडीचा ओटा किती मास्तर, पाटलाची म्हैस एक मास्तर भरून वर चार बोटं. मी रागावणार होतो. पण पोरं इतक्या आवडीनं मापन कधी शिकली नव्हती. सोमवारी तपासनीस साहेबांनी विचारलं, "लांबी मोजायला काय वापरतात?" आणि सगळा वर्ग एका सुरात "मास्तर!" म्हणाला. साहेबांना वाटलं, पोरं मला हाक मारताहेत. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

चौरंग सुरेख झाला. सागवानी, बुटका, पाय आखूड, हत्तीनं बसावं असा मजबूत. (हे नामाजीचे शब्द. मी ते पोटात घातले.) तो घेऊन मी मोटारीच्या एजंटाकडं गेलो. एजंट हरिचंद. त्यानं चौरंगाला एक फेरी घातली.

"गुरुजी, हे सामान झालं. सामान टपावर."

"पण मी त्याच्यावर बसणार आहे."

"मंग तुमी बी टपावर."

"हरिचंद, अरे मी सवारी आहे."

"तुमी सवारी, चवरंग सामान. सवारीनं सामानावर बसू नये असा कायदा हाये. कचेरीतून हुकूम आणा, मी तुमाला सिंहासनावर बसवतो."

मी तहसील कचेरीत गेलो. तिथले पेशकार, म्हणजे मुख्य कारकून, जुने, अदबशीर, पान खाऊन ओठ लाल झालेले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, ती माझ्याकडं पाहून बदलली आणि दुसरी दिली. मग सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तरसाब, ये चवरंग सवारी है के सामान?"

"सामान."

"और आप?"

"सवारी."

"आप सामान पे बैठेंगे तो दोनों मिलके क्या हुए?"

वीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, पण ही बेरीज माझ्याकडून सुटेना. पेशकारांकडूनही सुटेना. ते म्हणाले, असा दाखला आजवर कधी आलेला नाही, वर विचारावं लागेल, तरी आपण पावसाळ्याच्या सुमारास चौकशी करा. उठताना त्यांनी मला पान दिलं. नकार इतक्या आदबीनं दिलेला मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही.

मंगळवार उजाडला. भिकीचा हात धरून, चौरंग डोक्यावर घेऊन मी मोटारीपाशी आलो. चौरंग टपावर गेला. मी खाली उभा राहिलो. उत्तमसिंग मला पाहून काही म्हणणार, एवढ्यात ग्यानबा पुढं झाला. त्यालाही गाडीच्या चाकांच्या धावेचं लोखंड आणायला हिंगोलीला जायचं होतं.

"उत्तमसिंग, मास्तरला पुढं घे, तुझ्याशेजारी. मागं बसवलं की गाडी उलाळंल."

"ग्यानबा, ही मोटार हाये. हिला जू कुठं हाये?"

"जू नसंल. पन जड त्ये जडच."

आता मोटारीतली सगळी माणसं उभ्या जन्मात बैलगाड्या भरलेली. त्या दिवशी त्या मोटारीत जितके पुरुष होते तितके गाडीवान होते. सगळ्यांनी एकदम ग्यानबाची बाजू घेतली. "बराबर हाये. पुढंच पाहिजे. आमाला न्हाई उलाळ्या गाडीत बसायचं." एक म्हातारा तर खाली उतरून बसला, की गाडी नीट भरल्याशिवाय मी येत नाही. उत्तमसिंगानं हात जोडले, कपाळाला लावले, आकाशाकडं पाहिलं. पण निघायची वेळ होऊन गेली होती. शेवटी मी पुढं, हळदीची पोती पुढं, तेलाचे डबे पुढं, आणि बारीक माणसं व पोरं मागं, अशी मोटार भरली. भिकी अगदी शेवटी, मागच्या फळीला धरून.

पुढच्या जागेत मी आणि उत्तमसिंग दोघंच, पण दोघांच्या मधे एक दांडा होता. मोटार चढाला लागली की तो दांडा ओढायचा असे, आणि तो नेमका माझ्या गुडघ्याखाली आला होता. उत्तमसिंग "मास्तर, पाय!" म्हणे. मी पाय वर घेई. तो दांडा ओढी. मी पाय खाली सोडी, की दांडा पुन्हा जागेवर. असं करत आम्ही वाटेतल्या ओढ्यापर्यंत आलो. तुम्हाला सांगतो, ती मोटार त्या सकाळी निम्मी मीच चालवली.

ओढ्याला पाणी घोट्याएवढं, पण वाळू भुसभुशीत. मोटार मधोमध गेली, घरघरली आणि थांबली. उत्तमसिंगानं जोर लावला. मागं वाळू उडाली, मोटार जागची हलेना.

"अजून उलाळच हाये!" ग्यानबा ओरडला. "पुढं सरका सगळे!"

सगळे पुढं सरकले. म्हातारा माझ्या पाठीवर आला, कोंबड्यांची पाटी माझ्या मांडीवर आली. उत्तमसिंग काहीतरी ओरडत होता, पण त्याच्या तोंडासमोर कुणाचं तरी मुंडासं आलं होतं. पुन्हा जोर. मोटार आणखी खोल गेली. ऊन वर चढत होतं. मला डोळ्यांपुढं स्टेशन दिसत होतं, गाडी दिसत होती, आणि वाटेकडं पाहणारी अक्का.

तेवढ्यात खालून भिकीचा आवाज आला. ती कधीच उतरून ओढ्यात उभी होती, अंगभर वाळू.

"बाबा, ओ बाबा! हिचे बैल मागं हायेत!"

"काय म्हणतीस?"

"पुढची चाकं गप उभी हायेत. मागचीच फिरून राहिली. ओढणारं मागं हाये, मंग तिकडं भार काहून न्हाई?"

मी उतरलो. मला उतरायला वेळ लागतो, पण मी उतरलो, आणि वाकून पाहिलं. खरंच. पुढची चाकं लग्नाला आलेल्या सोयऱ्यासारखी नुसती उभी होती. सगळी धडपड मागच्यांची, आणि त्यांच्यावर भार नसल्यानं ती वाळूत नुसतीच घसरत होती.

मुंडाशाच्या मागून उत्तमसिंगाचं तोंड बाहेर आलं. "तकलीफ तर हीच हाये! मघापासून हेच बोंबलून राहिलो! कोणी ऐकंल तर!"

ग्यानबानं वाकून त्या चाकांकडं पाहिलं. मग म्हणाला, "मागून ढकलणारे बैल. कोणाला सुचलं असंल बाबा हे." आणि स्वतःच हळदीचं पोतं उचलून मागं नेऊ लागला.

पोती मागं गेली, डबे मागं गेले, आणि मला नेमकं मागच्या चाकांच्या वर बसवलं. तरी चाकाखाली काहीतरी टणक हवं होतं. सगळ्यांनी टपाकडं पाहिलं. मीही पाहिलं. सागवानी, बुटका, पाय आखूड. उत्तमसिंग हळूच म्हणाला, "मास्तर, तुमी म्हणलात तरच." मी मान हलवली. माझा चौरंग एकदा कडाडला, मोटारीनं एक उडी घेतली आणि आम्ही पैलतीरावर होतो. नामाजीनं हत्तीचं म्हटलं होतं. मोटारीचं काही म्हटलं नव्हतं.

त्यानंतर माझा जो मान झाला तो काय सांगू! "मास्तर, ऐसपैस बसा." "मास्तर, पाय लांब करा." म्हाताऱ्यानं माझ्या पाठीशी स्वतःची वाकळ ठेवली. मी अख्खा बाक एकटा व्यापून बसलो, आणि सगळे माझ्याकडं कौतुकानं पाहत राहिले. पण ओढा मागं पडला, पक्का रस्ता लागला, तशी वाकळ आधी गेली. मग कुणाचा तरी गुडघा आला. मग एक गाठोडं. हिंगोलीची घरं दिसू लागली तेव्हा मी पुन्हा अंग चोरायचा प्रयत्न करत होतो. मान वाळूपुरता होता. वाळू संपली.

स्टेशनावर गाडी उभी होती. मी धावलो. हो, धावलो. भिकी पुढं, मी मागं. काशीची मंडळी एका डब्यात चढलेली होती, आणि त्या डब्याच्या दारात, कडीला धरून, आमची अक्का उभी होती. ती माझ्याच हाडापेराची, तितकीच भरदार.

मी दारातच तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "वाळलास रे तात्या," ती म्हणाली. हे म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

"अक्का, तू उभी काहून? आत बस ना."

ती हसली. तिनं पदर सारखा केला. "असू दे रे. पुढं कुठंतरी होईल जागा."

आतून कुणी तरी म्हणालं, "मास्तर, बाईला बसवलं तर दोघांना उठावं लागतंय. कसं करावं?" ते वाईट बोललं नाही. सगळे आपापल्या पायांकडं पाहत होते. तिथून पूर्णा, पूर्णेहून पुढं दिवस-रात्र प्रवास, आणि अक्काचे गुडघे मला ठाऊक होते. मला बोलायचं होतं. माणसानं माणसाशी कसं वागावं यावर माझ्याजवळ आठवडाभराचं साचलेलं भाषण होतं. पण मी धावत आलो होतो. तोंडातून नुसता श्वास येत होता.

माझ्या हाताखालून भिकी आत गेली. ती कुणावर रागावली नाही. तिनं अक्काचा हात धरला आणि विचारलं, "आत्या, तुला कुठं बसलेलं बरं वाटंल?"

माझ्यासाठी त्या आठवड्यात उपास झाला होता, सुतळी झाली होती, चौरंग झाला होता, कचेरी झाली होती. हा प्रश्न मात्र मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही कुणाला विचारला नव्हता.

"मला?" अक्का म्हणाली. "मला बाई, खिडकीपाशी. उजवा गुडघा लांब करता आला तर लई बरं."

खिडकीपाशी एक फेटेवाले आजोबा बसले होते. भिकी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही त्यांना उठा म्हणणार. पण तिनं त्यांनाही तेच विचारलं. "बाबाजी, आन् तुमाला कुठं बरं वाटंल?"

आजोबा गोंधळले. "मला? मला तर इथं वारं लागून राहिलंय. मला त्या कोपऱ्यात बरं. पन तिथं हे बसलेत."

"मंग त्यांना इचारते," भिकी म्हणाली.

कोपऱ्यातल्याला दाराशी बसायचं होतं, त्याला विडी ओढायची होती. दाराशी बसलेल्या बाईला आपल्या जावेजवळ बसायचं होतं. एकेक जण उठू लागला, सरकू लागला, आणि खिडकीपाशी जागा झाली. अक्का तिथं टेकली. तिनं उजवा गुडघा लांब केला आणि डोळे मिटले.

गार्डानं शिट्टी वाजवली. मी ओरडलो, "भिके, उतर! गाडी सुटली!"

पण भिकी पलीकडच्या बाकापाशी पोचली होती, आणि एका परक्या म्हाताऱ्या बाईपुढं वाकून विचारत होती, "आजी, तुमाला ओ?"